बसच्या तिकिटावरचा सा

मुनीर सरांनी माझ्या कपाळावर फोर्क टेकवला तेव्हा माझ्यामागे ॲडमिशनची रांग उभी होती आणि शेजारी माझे वडील.

फोर्क म्हणजे ट्यूनिंग फोर्क. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, सर तो दोन बोटांचा लोखंडी काटा लावायचे. त्यांनी तो स्वतःच्या गुडघ्यावर आपटला, देठ माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला आणि विचारलं,

"बोललं का?"

"हो सर."

"कुठं?"

कानात, असं म्हणायला हवं होतं. कुणीही शहाणा तेच म्हणाला असता. पण माझ्या दाढा गुणगुणत होत्या, आणि घाबरलो की मी खरं बोलतो.

"दातात."

"पक्की ॲडमिशन," सर म्हणाले आणि त्यांनी माझ्या फॉर्मवर सही केली.

वडील तीर्थपुरीहून पहाटेच्या गाडीनं आले होते. मुलाला फिजिक्सला घालायचं म्हणून. त्याच फॉर्मवर खाली संगीत लिहिलेलं बघून ते जरा गडबडले. म्हणाले, "सर, पोरगं शास्त्र शिकून गानं म्हननार हाय, का गानं म्हनून शास्त्र शिकनार?"

"काका, बिलकुल टेन्शन घेऊ नका," सर म्हणाले. "दोन्हीत नापास व्हायची सोय आहे."

आमच्या कॉलेजात ही नवीच भानगड सुरू झाली होती. मुख्य विषय फिजिक्स, जोडीला संगीत, दोन्ही मिळून एकच पदवी. वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा, खालच्या मजल्यावर गायनाची खोली, आणि दिवसभर जिन्यातून वरखाली करणारे आम्ही मोजके विद्यार्थी. स्टाफरूममध्ये आम्हाला 'डबल रोल' म्हणत. मी हा कोर्स का घेतला, तर संगीतात मार्क फुकट मिळतात अशी माझी समजूत होती. गाण्याशी माझा पूर्वीचा संबंध विचाराल तर गावात चुलत्यांचा लाउडस्पीकरचा धंदा. गणपतीत, लग्नात, माइकची वायर कुणाच्या पायात येऊ नये हे बघायचं काम माझ्याकडे. फॉर्मवर 'संगीताचा अनुभव' या रकान्यात मी बिनधास्त 'अनेक वर्षे' असं लिहिलं.

सर विद्यार्थ्यांना नावानं हाक मारायचे नाहीत, गावानं मारायचे. मी तीर्थपुरी. आमच्यात एकच जी खरोखर गाणारी होती, ती केदारखेड्याची सुनीता. ती केदारखेडा. "ए केदारखेडा, तीर्थपुरीला सांग, प्रकाशाचा वेग आणि तुमच्या एस.टी.चा वेग वेगवेगळा राहतो," असं काहीतरी चालायचं.

वर्गात पाऊल टाकलं की सरांचा पहिला हुकूम, "पंखा बंद!"

जालन्याचा उन्हाळा ज्यानं भोगलाय त्यालाच या दोन शब्दांतला जुलूम कळेल. पण कारण होतं. सरांचा जीव सोनोमीटरच्या प्रयोगावर. लाकडी पेटीवर ताणलेली तार, तारेवर कागदाचा इवलासा घडी केलेला तुकडा घोड्यावर बसवल्यासारखा ठेवायचा. त्याला म्हणायचं स्वार. फोर्क आपटून पेटीवर टेकवला, आणि तारेचा सूर फोर्कच्या सुराशी जुळला, की तार आपोआप थरथरते आणि स्वार उडून पडतो. जुळला नाही तर स्वार मख्ख बसून राहतो. यात पंखा चालू असेल तर स्वार काय, वहीची पानंसुद्धा उडतात.

स्वारासाठी सरांना एस.टी.चं तिकीटच लागायचं. मशीनमधून निघणारं ते पातळ, गुळगुळीत तिकीट. शनिवारी गावाला जाऊन सोमवारी येणाऱ्यानं तिकीट फेकायचं नाही, सरांना आणून द्यायचं. त्यांचा वरचा खिसा फोर्कचा आणि खालचा तिकिटांचा. आख्ख्या जिल्ह्याचा प्रवास त्यांच्या खिशात चुरगळलेला असायचा.

आता मुख्य गोष्ट. ज्या माणसानं प्राचार्यांच्या मागे लागून लागून हा कोर्स सुरू करून घेतला होता, त्या मुनीर सरांना सूर कळत नव्हता. म्हणजे थोडाथोडका नाही, मुळीच कळत नव्हता. गायनाच्या खोलीतल्या बाजाच्या पेटीवर सा आणि ग वाजवून 'यातला उंच कोणता' विचारलं तर ते पेटीकडे बघून सांगत. डोळे मिटायला लावले तर नाणं उडवल्यासारखं उत्तर देत. आणि हे ते लपवत नसत. उलट पहिल्याच तासाला जाहीर केलं, "मी बेसूर आहे. बेताल न्हाई. लक्षात ठेवायचं."

तरी दर गुरुवारी ते गायनाच्या खोलीत येत, बूट बाहेर काढत आणि आमच्यामागे सतरंजीवर मांडी घालून बसत. गायनाच्या गाडेकर मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, सरांपेक्षा वयानं पुष्कळ लहान. त्यांना सुरुवातीला संकोच व्हायचा. नंतर नुसता त्रास व्हायचा. कारण आम्ही सगळ्यांनी सा लावला की मागून सरही लावायचे. सा आणि रे यांच्यामध्ये बहुधा एक विनंती थांबा असावा. सरांची गाडी हमखास तिथेच उभी राहायची.

"सर, थोडं खाली या," मॅडम म्हणत.

सर थोडं खाली वाकून बसत.

मला मॅडमनी दुसऱ्याच आठवड्यात तानपुऱ्यामागे बसवलं. 'तुझी बोटं चांगली आहेत' असं कारण दिलं. खरं कारण, तानपुरा छेडणाऱ्यानं गायचं नसतं. सुनीता गायची, मी तारा छेडायचो, आणि हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता, माझ्याही, मला सूर कळायला लागला. ही प्रगती पुढे मला फार महागात पडली, ते सांगतोच.

एका गुरुवारी मॅडम खोलीत आल्या तर तानपुऱ्याच्या तारेवर घनसावंगी ते जालना हे तिकीट प्रवास करत होतं.

"हे काय आहे?"

"स्वार," सर म्हणाले. "पंखा बंद करा."

तानपुऱ्याला चार तारा. मधल्या दोन एकाच सुरात लावायच्या असतात, त्यांना जोड म्हणतात. सरांनी एका तारेवर तिकिटाची घडी बसवली आणि दुसरी छेडली. काही झालं नाही. खुंटी अगदी किंचित फिरवली, पुन्हा छेडली. असं करता करता एकदम तिकीट थरथरलं आणि टुणकन सतरंजीवर पडलं.

"मिळाली!" सर ओरडले.

मॅडमनी दोन्ही तारा छेडून पाहिल्या. मिळाल्या होत्या. अगदी चोख. त्यांचा चेहरा असा झाला, जणू त्यांच्या घरात शिरून कुणीतरी त्यांच्याच चुलीवर चांगली भाकरी भाजावी.

"सर, सूर कळायला लागतो," त्या म्हणाल्या.

"कळला ना मॅडम. पडला की कळतो."

"माझ्या गुरूंनी मला जोड मिळवायला वर्ष वर्ष बसवलं होतं. कानानं."

"कान खोटं बोलतो मॅडम. सर्दी झाली की खोटं बोलतो, भूक लागली की खोटं बोलतो. कागद न्हाई बोलत."

"आणि माझ्या वाद्यावर तिकीट ठेवायचं असेल तर निदान रिटर्नचं ठेवा," मॅडम म्हणाल्या. त्या दिवसापासून दोघांचं जमलं. म्हणजे भांडण रोजचं झालं.

ईदला सरांनी मला जुन्या जालन्यातल्या घरी शीरखुर्मा प्यायला बोलावलं. कापडाच्या ठोक दुकानांच्या गल्लीत, वर घर. सगळं घर गाणाऱ्यांचं. सरांच्या थोरल्या बहिणीला सगळे आपा म्हणत. स्वयंपाकघरातून त्या लग्नातलं कुठलंतरी गाणं गुणगुणत होत्या, बैठकीतून पुतण्या त्यात भर घालत होता, जिन्यावरून येणारी भाची पुढची ओळ उचलून वर येत होती. कुणी ठरवून गात नव्हतं. बोलता बोलता गात होते. मग सगळे जमले आणि रीतसर सुरू झालं. सर माझ्याशेजारी बसले होते. त्यांनी तोंड उघडलं मात्र.

"मुनीर, तू चुप बैठ," आपा म्हणाल्या. "तू ताली बजा."

सगळे हसले. सरही हसले. आणि त्यांनी टाळी धरली, इतकी पक्की की पुतण्यानं हातातली ढोलकी खाली ठेवली.

"बचपन से ऐसाच है," आपा मला सांगायला लागल्या. "शादी में हम सब गाते, ये बीच में गाया तो दुल्हन रोने के पहले हम रोते. अम्मी इसके हाथ में लड्डू देती थी, कि मुँह बंद रहे."

मला पोहोचवायला सर गल्लीच्या तोंडापर्यंत आले. ऑटोंच्या गर्दीत उभे राहून म्हणाले, "लड्डू भारी राहायचा पण."

मी हसलो.

"हे सगळे काय ऐकून राह्यले, ते मला ऐकू येईना. म्हटलं चला, निदान बघू तरी. म्हणून फिजिक्स घेतलं." मग माझ्या पाठीत थाप मारून म्हणाले, "जल्दी घरी जा. उद्या सोनोमीटर."

इतकंच. पुन्हा कधी त्यांनी हा विषय काढला नाही. पण मला त्या दिवशी कळलं, की हा कोर्स त्यांच्यासाठी कॉलेजातला कोर्स नव्हता.

आणि नेमकं त्याच वर्षी कोर्सवर संक्रांत आली. विद्यापीठाची समिती येणार होती. दोन विषय खरोखर एकत्र शिकवले जातात की नुसते एका कागदावर लिहिलेत, हे त्या लोकांना बघायचं होतं. पटलं नाही तर आम्ही सगळे साध्या फिजिक्सला, मॅडमच्या तासिका बंद, आणि सरांचं सूर बघायचं राहिलं होतं ते राहूनच जाणार. त्यांची निवृत्ती जवळ आली होती.

ठरलं असं. समितीसमोर मी तिकिटाचा स्वार ठेवून तानपुरा मिळवायचा आणि त्यामागचं शास्त्र सांगायचं. मग त्याच तानपुऱ्यावर सुनीतानं गायचं. वरचा मजला आणि खालचा मजला एका तारेवर. सरांनी माझ्याकडून इतक्यांदा घोकून घेतलं की मी झोपेतही अनुनाद समजावून सांगत असे, असं रूमवरची पोरं म्हणायची.

"पहिलं काय करायचं, तीर्थपुरी?"

"पंखा बंद, सर."

"शाबास."

तो दिवस एप्रिलमधला. समितीत दोघे होते. एक विज्ञानाचे जाडजूड गृहस्थ आणि एक पांढऱ्या झब्ब्यातले म्हातारे गवई. मी खोलीत शिरलो, वर पाहिलं. पंखा बंद. खात्री करायला बटणही पाहिलं. बंद. पाहुण्यांना उकडू नये म्हणून प्राचार्यांनी कोपऱ्यात नवा कोरा कूलर आणून ठेवला होता आणि तो धो धो चालू होता, हे मला दिसत होतं. छान गार वाटत होतं. पण सरांनी पंखा बंद करायला सांगितला होता. कूलरबद्दल काही सांगितलं नव्हतं.

हे वाक्य मी आजपर्यंत पुष्कळ लोकांना सांगून पाहिलंय. माझी बाजू कुणालाच पटत नाही.

मी स्वार ठेवला. अनुनादावर चार वाक्यं बोललो. तार छेडली. कूलरच्या तोंडावरच्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे फिरत होत्या, त्या नेमक्या माझ्यावर आल्या. तिकीट उडालं.

"मिळाली," मी म्हणालो.

विज्ञानवाले गृहस्थ खूश झाले. सर खिडकीजवळ उभे होते, त्यांचा चेहरा लग्नघरासारखा उजळला. फक्त एक भानगड होती. जोड मिळाली नव्हती. माझ्या कानाला ते कळत होतं. दोन तारा एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या जावांसारख्या वाजत होत्या. पण तिकीट पडलं होतं. आणि कान खोटं बोलतो. हे मला त्याच माणसानं शिकवलं होतं जो समोर उभा राहून हसत होता. मी कानाला गप्प केलं आणि तानपुरा छेडत राहिलो.

सुनीतानं सा लावला. थांबली. पुन्हा लावला. कानावर हात ठेवला. मग समितीकडे न बघता हळूच म्हणाली, "न्हाई लागत."

"लागतंय की," मी कुजबुजलो. "तिकीट पडलंय."

"तुझ्या तिकिटाला घाल चुलीत. जोड उतरलीय."

"उतरली कशी? पडलं की न्हाई? सगळ्यांनी पाहिलंय."

"तुला ऐकू येतं का न्हाई?"

"येतं."

"मंग?"

गवईबुवांनी डोळे मिटून घेतले होते, दाढ दुखत असलेल्या माणसासारखे. मॅडमनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. आणि सर एकदा तिकिटाकडे बघत होते, एकदा सुनीताकडे. कोण खरं बोलतंय हे कळायला त्यांच्याकडे तिसरं काही नव्हतं. जन्मभर ज्या कागदावर भिस्त ठेवली, तो सतरंजीवर पडलेला होता, म्हणजे सगळं बराबर होतं. आणि केदारखेड्याची पोरगी मान हलवत होती.

तेवढ्यात पट्ट्या फिरून परत आल्या. सतरंजीवरचं तिकीट उठलं आणि घरंगळत गवईबुवांच्या पायाशी जाऊन थांबलं.

सर कूलरकडे चालत गेले. बटण बंद केलं. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की प्राचार्यांच्या कपाळावर घाम फुटल्याचा आवाज यावा.

"कागद खोटं बोलला," सर म्हणाले.

मग ते माझ्यासमोर येऊन बसले. मला वाटलं आता दुसरं तिकीट काढतील. त्यांनी खिशाला हात लावला नाही. खाली वाकून त्यांनी तानपुऱ्याच्या भोपळ्यावर कपाळ टेकवलं.

"मॅडम, खुंटी तुम्ही फिरवा. तीर्थपुरी, दोन्ही तारा छेड. थांबू नको."

मी छेडत राहिलो. मॅडम खुंटीला हात लावून, डोळे मिटून ऐकायला लागल्या. सर भोपळ्यात तोंड घातल्यासारखे बोलत होते.

"डोलून राह्यलं... वांव वांव करून राह्यलं..." मॅडमनी खुंटी जराशी कसली. "आता हळू झालं... अजून हळू... अजून..."

सूर कळत नसला तरी दोन जवळजवळचे सूर एकत्र वाजले की त्यांच्यात एक हेलकावा येतो. जितके जवळ, तितका संथ. पूर्ण मिळाले की थांबतो. पुस्तकात हे होतं. परीक्षेत मी यावर मार्कही मिळवले होते. पण हे कपाळानं ऐकता येतं, हे पुस्तकात नव्हतं.

"थांबलं," सर म्हणाले.

"मिळाली," मॅडम म्हणाल्या.

दोघांचे शब्द एकमेकांवर पडले. एकाचंही अक्षर मागेपुढे नाही.

गवईबुवांनी डोळे उघडले. "पुन्हा करा," म्हणाले, आणि स्वतः उठून खुंटी उतरवली. पुन्हा केलं. पुन्हा दोघं एकदम बोलले. बुवांनी तिसऱ्यांदा उतरवली, या वेळी कपटानं, अगदी केसभर. मॅडमनी कान लावला, सरांनी कपाळ. "थांबलं." "मिळाली."

मग सुनीता गायली. त्याबद्दल काय सांगू, विज्ञानवाल्या गृहस्थांनी चहा गार होऊ दिला.

जाताना त्यांनी सरांना विचारलं, "हे प्रात्यक्षिक असंच बसवलेलं होतं का?"

"न्हाई साहेब," सर म्हणाले. "कूलर आमच्या अभ्यासक्रमात न्हाई."

कोर्स वाचला. दुसऱ्या वर्षीच्या प्रात्यक्षिकाच्या सूचनांमध्ये सरांनी पहिली ओळ अशी लिहिली: 'पंखा, कूलर व वारा देणारी इतर सर्व साधने बंद करावीत.' माझं तीर्थपुरी गेलं आणि कायमचं कूलर झालं. मी आता एका शाळेत विज्ञान शिकवतो. परवा सुनीताचा फोन आला तेव्हा तिनंही पलीकडून "कूलर आहे का?" असंच विचारलं, आणि माझ्या बायकोनं "आहे, पण पंप खराब आहे" असं उत्तर दिलं.

आमची पदवी आणि सरांची निवृत्ती एकाच उन्हाळ्यात आली. निरोपाचा कार्यक्रम गायनाच्या खोलीतच झाला. प्राचार्य बोलले, स्टाफरूममध्ये आम्हाला 'डबल रोल' म्हणणाऱ्यांनीच गळ्यात गळे घातले, आपा आणि घरचे सगळे पुढच्या रांगेत बसले होते. सर उत्तराला उभे राहिले तर मॅडम म्हणाल्या, "सर, भाषण नको. बसा."

त्यांनी तानपुरा मिळवूनच ठेवला होता. तो सरांसमोर आडवा केला. मला खुणावलं, मी छेडायला बसलो.

"आता सा लावा," मॅडम म्हणाल्या.

पुढच्या रांगेतून आपा पुटपुटल्या, "या अल्ला." पुतण्या हातातला पेढा घेऊन सावरून बसला. वेळ पडली तर जुनाच उपाय करावा, या तयारीनं.

सरांनी भोपळ्यावर कपाळ टेकवलं आणि सा लावला. गाडी त्याच विनंती थांब्यावर उभी राहिली. कुणीतरी मागे खुसखुसलं. सर थांबले नाहीत. आवाज जरासा खाली घेतला. फार खाली गेला. परत वर. मी त्यांच्या अगदी समोर होतो. त्यांच्या गळ्यातला आवाज आणि तारांचा आवाज यांच्यातला तो हेलकावा मला ऐकू येत होता, वांव वांव वांव, मग वांऽव, वांऽऽव. मिटलेल्या डोळ्यांनी एखादा माणूस अंधारात भिंत चाचपत दार शोधतो तसे ते सरकत होते. आणि मग थांबलं.

सा लागला.

खरखरीत होता, जाड होता, पण लागला. दम संपेपर्यंत सरांनी तो सोडला नाही. पुतण्याच्या हातातला पेढा तसाच राहिला. आपा बसल्या जागेवरून पुढे झुकल्या आणि दबक्या आवाजात, जणू मोठ्यानं बोललं तर सांडेल, म्हणाल्या, "हिल मत, मुनीर. अब हिल मत."

सरांनी मान वर केली तेव्हा कपाळावर भोपळ्याचा लाल गोल उमटला होता. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"बोललं का, कूलर?"

"बोललं सर."

"कुठं?"

मी तारा छेडत राहिलो. दाताबिताच्या पलीकडचं काम होतं ते.

नंतर हारतुरे, फोटो, पेढे. मी खाली गेटपाशी उभा होतो. आपा आणि बाकीचे आधी पुढे गेले होते, मागच्या ऑटोत सर एकटेच बसले, मांडीवर नारळ आणि शाल. ऑटोवाला इंजिन चालू ठेवून बिडी पेटवायला उतरला होता. ऑटो जागच्या जागी घरघरत होता. सरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग पुढच्या सीटमागच्या लोखंडी दांड्यावर हळूच कपाळ टेकवलं.

"चाचा, तबियत ठीक है ना?" ऑटोवाल्यानं वाकून विचारलं.

सरांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. चूप.

ऑटोवाला बिडी विझवून मुकाट्यानं बसला आणि ऑटो जुन्या जालन्याकडे वळला. आतून एक सूर येत होता. गाडेकर मॅडमच्या कुठल्याच हिशोबात तो बसला नसता. ऑटोशी मात्र अगदी बराबर मिळाला होता.